इंधन ठरतं ते हॉटेलच्या मागच्या दाराशी

वापरलेल्या तळणीच्या तेलावर गाडी चालवायची म्हटली की लोक मला आधी यंत्रांबद्दल विचारतात. फिल्टर किती मायक्रॉनचा, टाकी केवढी, हीटर कोणता. तेल कोणाकडून घेता, हा प्रश्न क्वचितच येतो, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. माझं काम डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं आहे. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारा भाग, टेस्ट बेंचवर लावला की फवारा बघून बऱ्याचदा कळतं, या गाडीत काय ओतलं जात होतं. माझी स्वतःची जुनी व्हॅन कित्येक वर्षं हॉटेलांच्या तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर, म्हणजे मिथेनॉलशी अभिक्रिया करून पातळ केलेल्या तेलावर चालते. ती नीट चालते याचं श्रेय मी माझ्या ड्रमांना आणि पाइपांना देत नाही. ज्या स्वयंपाकघरांतून मी तेल उचलतो, त्यांना देतो.

कढईत तेलाचं काय होतं ते आधी बघू. तळताना तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असतं. ओला पदार्थ आत पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि तेच पाणी तेलाचे रेणू फोडून मुक्त मेदाम्लं सोडवतं. वरून हवा लागत असते, त्याने तेल खवट होतं. आणि तासन्‌तास तापत राहिलं की रेणू एकमेकांत गुंतून मोठे होत जातात. तेल दाट होतं, फेस धरायला लागतं, फ्रायरच्या काठावर लाखेसारखा थर बसतो. तो थर एकदा नखाने खरवडून बघा, निघत नाही. असं तेल सरळ इंजिनात गेलं तर पिस्टनच्या रिंगांमध्ये आणि नोझलच्या टोकावर हेच घडतं.

तळणीचं तेल कधी टाकून द्यायचं, यासाठी बऱ्याच देशांत नियम आहेत. तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ, २४ ते २७ टक्क्यांच्या पुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, अशी मर्यादा साधारणपणे असते. ती मोजायचं हातात धरायचं उपकरण मिळतं आणि नीट चालवलेल्या स्वयंपाकघरात ते असतंही. मी नव्या ठिकाणी गेलो की हे उपकरण आहे का ते विचारतो. असेल तर अर्धी काळजी मिटते. गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी घेणारं स्वयंपाकघर तेल वेळेवर बदलतं, आणि तेच तेल माझ्या इंजिनालाही बरं असतं. तेल पार काळं होईपर्यंत तापवणाऱ्याकडचं फुकट मिळालं तरी मला नको असतं.

बदलण्याच्या खालोखाल महत्त्वाचं म्हणजे तिथे काय तळतात. नुसते बटाटे किंवा भाज्या तळणाऱ्यांचं तेल सगळ्यात स्वच्छ. पीठ किंवा चुरा लावून तळत असतील तर बुडाशी जाड साका येतो. पण तो गाळता येतो, निवळू दिलं की खाली बसतो, म्हणून मला त्याचं फार वाटत नाही. मांस तळत असतील तर प्राण्याची चरबी तेलात उतरते, आणि थंडी पडली की तेल दह्यासारखं घट्ट व्हायला लागतं. मुळात तेल कुठलं आहे हेही बघायचं. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरीच्या जातीची तेलं पातळ राहतात. पामतेल आणि हायड्रोजन देऊन घट्ट केलेली तेलं साध्या गारव्यातही गोठतात, आणि त्यांचं बायोडिझेल केलं तरी तो गुण बराचसा मागे राहतोच. म्हणून मी वापरलेल्या तेलाच्या डब्याआधी नव्या तेलाच्या डब्यावरचं लेबल वाचतो.

एका गोष्टीला मात्र मी कायम नाही म्हणतो. मोरीच्या पाइपाला जोडलेल्या चरबीच्या सापळ्यातलं तेल. काही मालक मोठ्या मनाने तेही घेऊन जा म्हणतात. त्यात पाणी, साबण, अन्न आणि सडलेलं सगळं असतं, मुक्त आम्लाचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे असतं. त्यासाठी वेगळी प्रक्रिया, वेगळी यंत्रं लागतात. घरच्या शेडमध्ये ते होत नाही.

आता बोलायचं कोणाशी आणि कसं. जेवणाच्या वेळेला जाऊ नका. गर्दीत मागच्या दाराशी उभा राहिलेला अनोळखी माणूस कोणालाच नको असतो. दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधल्या सुस्त वेळेत जा. आधी मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला, कारण परवानगी त्यांची. पण तिथेच थांबू नका. रात्री शेवटी फ्रायर रिकामा करणारा माणूस कोण, ते विचारा आणि त्याला भेटा. तेल कधी आणि कसं बाहेर पडतं हे मालकापेक्षा त्याला नेमकं माहीत असतं.

एका ठिकाणचं तेल दिसायला छान, सोनेरी होतं, पण दर वेळी त्यात पाणी निघायचं. पावसाचं म्हणावं तर डबा आत असायचा. शेवटी मी भांडी आवरणाऱ्या माणसालाच विचारलं.

"दादा, फ्रायर धुता तेव्हा ते पाणी कुठे जातं?"

"त्याच डब्यात. दुसरा डबा कुठे आहे?"

फ्रायर धुताना त्यात पाणी आणि सोड्यासारख्या क्षाराची पावडर घालून उकळतात. ते सगळं माझ्या तेलात येत होतं. नुसतं पाणी असतं तर तापवून खाली बसवता आलं असतं, पण क्षाराने तेलाचा साबण होतो आणि साबण असला की पाणी तेलातून सुटायला तयार होत नाही. मी त्यांना दुसरा डबा आणून दिला, त्यावर मोठ्या अक्षरात 'धुण्याचं पाणी' लिहिलं. पुढच्या खेपेपासून तेल कोरडं. मालकाला विचारत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

तर भांडी आपणच द्यायची. झाकण घट्ट बसणारी, तोंड रुंद, उचलायला कडी असलेली, आणि एका माणसाला पेलेल एवढीच. मोठा ड्रम ठेवला की तो हलवायला दोघं लागतात आणि मग कोणीच हलवत नाही. सोबत जाळी बसवलेलं नरसाळं द्यायचं, म्हणजे मोठे तुकडे तिथेच अडतात. गरम तेल प्लॅस्टिकमध्ये ओतू नका, हे मी प्रत्येक ठिकाणी तोंडाने सांगतो आणि डब्यावर लिहूनही ठेवतो. तेल निवल्यावरच ओतायचं, आणि तेवढी वाट बघणं त्यांना जमत नसेल तर पत्र्याचा डबा द्यायचा. भाजण्याचा धोका त्यांना आहे, आपल्याला नाही, म्हणून काळजी आपण जास्त घ्यायची.

आणि ठरलेल्या दिवशी जायचंच. हा सगळ्यात मोठा नियम. हॉटेलवाल्याला तुमच्या पर्यावरणप्रेमाशी काही देणंघेणं असेलच असं नाही. भरलेले डबे दारात साचू नयेत, एवढीच त्याची साधी अपेक्षा असते. तुम्ही एकदा चुकलात तर तेल गटारात जातं, दोनदा चुकलात तर दुसरा माणूस येतो. मी जाताना चिंधी आणि लाकडाचा भुसा बरोबर नेतो. जमिनीवर थेंब सांडले असतील, माझे नसले तरी, ते पुसून मगच निघतो. तेलकट फरशीवरून ट्रे घेऊन जाणाऱ्याचा पाय घसरला तर माझ्या इंधनाची किंमत त्याने मोजली असं होईल.

त्या चिंध्यांबद्दल एक सांगून टाकतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, आणि ढिगाच्या पोटात ती साठत जाऊन कापड आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

ज्या हॉटेलच्या मागे वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या एखाद्या संकलकाचं पिंप आधीच ठेवलेलं आहे, त्या पिंपाला हात लावायचा नाही. मालकाने हसत "घ्या की थोडं" म्हटलं तरीही नाही. ते तेल करारानं दुसऱ्याचं झालेलं असतं आणि ते काढणं म्हणजे चोरी. पूर्वी हे तेल नकोसा कचरा होतं, आता तसं राहिलेलं नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९० च्या दशकातच आपल्या बसगाड्या वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलवर चालवायला सुरुवात केली. जून २०११ मध्ये केएलएमचं विमान अशा तेलापासून केलेलं इंधन मिसळून ॲम्स्टरडॅमहून पॅरिसला गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकच्या विमानाने लंडन ते न्यूयॉर्क असा अटलांटिकपार प्रवास जीवाश्म इंधनाविना केला, त्यातलाही मोठा भाग वापरलेलं खाद्यतेल आणि टाकाऊ चरबी यांचा होता. विमानांना लागणाऱ्या इंधनाच्या मानाने जगातलं तळणीचं तेल फारच थोडं आहे, त्यामुळे त्याची मागणी वाढली आहे आणि चोऱ्याही होतात.

यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्या तेलाचं कुठेतरी इंधन होतंच आहे, ते आपल्याकडे ओढून आणण्यात काही मिळवलं असं मला वाटत नाही. आपण जायचं ते लहान ठिकाणी, जिथे मोठा संकलक फिरकत नाही कारण महिन्याला दोन-चार डबेच निघतात. तिथलं तेल बहुतेक वेळा मोरीत जातं. त्याचं पुढे काय होतं ते लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली दिसलं. गटारात चरबी, ओले रुमाल आणि कचरा जमून सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा झाला होता, दगडासारखा कडक. तो फोडायला माणसांना आठवडेच्या आठवडे खाली उतरावं लागलं. आणि मोरीत गेलं नाही तर तेच तेल पुन्हा कोणाच्या तरी ताटात जाण्याची शक्यता असते, ती तर त्याहून वाईट. लहान हॉटेलातून उचललेला प्रत्येक डबा या दोन्ही वाटांवरून वाचलेला असतो. मला हे काम आवडतं ते मुख्यतः यामुळे.

तेल घेताना मी जागेवरच तपासतो. काचेच्या बाटलीत थोडं घेऊन उजेडाकडे धरायचं. रंग गडद असला तरी चालतो, गढूळपणा चालत नाही, कारण गढूळ म्हणजे पाणी किंवा गोठू लागलेली चरबी. मग वास. तळणीचा वास असणारच, पण नाकात चरचरणारा खवट वास आला तर सावध व्हायचं. पाण्यासाठी घरी एक सोपी परीक्षा करतो. छोटं पातेलं शंभर अंशांच्या बरंच वर तापवायचं आणि त्यात चमचाभर तेल टाकायचं. शांत पसरलं तर कोरडं. बारीक बुडबुडे आले तर थोडं पाणी आहे. तडतड उडालं तर बरंच आहे. चष्मा लावून करा.

पण खरी परीक्षा आम्लाची. ती दिसते त्याहून खूप सोपी आहे. दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, त्यात एक मिली तेल विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणाऱ्या द्रव्याचे दोन-तीन थेंब टाकायचे. मग एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून केलेलं द्रावण सिरिंजने थेंब थेंब सोडत जायचं आणि बाटली गोल फिरवत राहायची. आधी थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका येतो आणि विरतो. हळूहळू तो विरायला वेळ लागायला लागतो. मग एका थेंबाला सगळ्या द्रावणावर फिकट गुलाबी रंग येतो आणि पंधरा-वीस सेकंद टिकतो. तिथे थांबायचं आणि किती मिली लागलं ते वाचायचं. एक मिली म्हणजे ढोबळमानाने पाऊण टक्का मुक्त आम्ल. ताज्या तेलाला बायोडिझेल करण्याच्या अभिक्रियेसाठी लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वापरलेल्या तेलाला जितके मिली लागले तितके ग्रॅम त्यात वाढवायचे. तीन मिलीपर्यंतचं तेल मी आनंदाने घेतो. पाचच्या पुढे गेलं की नको म्हणतो, कारण प्रत्येक जादा आम्लाचा साबण होतो आणि तो साबण धुताना आपल्याबरोबर चांगलं बायोडिझेलही घेऊन जातो. जास्त आम्लाच्या तेलावर आधी गंधकाम्लाची प्रक्रिया करता येते, पण घरी ती करावी असं मी कोणालाही सांगणार नाही.

पुढची रीत थोडक्यात. तेल साठ अंशांच्या आसपास तापवून निवळू द्यायचं, खालचं पाणी आणि साका काढून टाकायचा, गाळायचं. कोरड्या तेलात आकारमानाने पाचव्या हिश्शाइतकं मिथेनॉल, त्यात आधी विरघळवलेला सोडा, पंचावन्न अंशांवर ढवळणं, मग स्थिर ठेवणं. जड ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल. ते धुऊन, वाळवून वापरायचं. मिथेनॉलला मी आजही भितो आणि तुम्हीही भ्या. त्याची वाफ आणि त्वचेवरचा स्पर्श दोन्ही विषारी, पोटात थोडं गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आसपास एकही ठिणगी नसताना. मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. एवढी शिस्त पाळणं जमणार नसेल तर तेल गोळा करा आणि परवानाधारक कारखान्याला द्या. तेही तितकंच उपयोगी काम आहे.

एवढा खटाटोप का, गाळून सरळ टाकीत का ओतू नये, असं विचारणारे भेटतात. ते हमखास १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचा दाखला देतात, की रुडॉल्फ डिझेल या संशोधकाने आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच केलं होतं. तसं नाही. त्या प्रदर्शनात 'ऑटो' नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं, पण इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, आणि हे स्वतः रुडॉल्फ डिझेलनेच नंतर सांगितलेलं आहे. कच्च्या, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या वनस्पती तेलाचा दाटपणा ही अडचण जुनीच. त्यावर उपाय म्हणून बेल्जियमच्या शावान यांनी १९३७ मध्ये तेलाचं एस्टर (अल्कोहोलशी अभिक्रिया करून पातळ केलेलं रूप) करून वापरण्याचं पेटंट घेतलं, आणि १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूव्हन मार्गावर पामतेलाच्या एस्टरवर बस चालवून बघितली गेली. आपण आज बायोडिझेल म्हणतो ते हेच.

आकडे बघा. चाळीस अंशांवर डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), बायोडिझेलचा ४ ते ५, आणि कच्च्या तेलाचा ३० ते ४०. नोझलमधून धुक्यासारखा फवारा उडायला हवा, त्याऐवजी धार निघते. ती नीट जळत नाही आणि नोझलच्या भोकाभोवती काजळी वाढत जाते. माझ्या बेंचवर आलेल्या अशा नोझलच्या टोकावर काळं कडक कोंब फुटल्यासारखं दिसतं. तेल तापवून देणारी दोन टाक्यांची व्यवस्था असली, डिझेलवर चालू करून डिझेलवरच बंद केली, तर जुनी, दणकट, अप्रत्यक्ष इंजेक्शनची (इंधन आधी छोट्या जोडकक्षात फवारणारी) इंजिनं तग धरतात. त्यातही इंधनाचा पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या, एका रांगेत) असेल तर बरं, कारण त्याच्या तळाच्या भागाला इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपाचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं इंधनच. थंड सकाळी त्यात दाट तेल अडकलं की शाफ्टवर इतका ताण येतो की तो तुटलेला मी पाहिला आहे. आणि नव्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या गाडीत, कच्चं तेल घालूच नका. दाब दोन हजार बारपर्यंत जातो, भोकं केसाएवढी असतात, आणि धुराड्यातला फिल्टर साफ करायला उशिरा फवारलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिझेल तिथून हळूहळू उडून जातं, वनस्पती तेल राहतं आणि ऑइलचा चिखल होतो.

बायोडिझेलही पहिल्यांदा वापरताना टाकीतला जुना मळ सोडवतं, तेव्हा डिझेल फिल्टर एखादा जादा जवळ ठेवा. जुने रबरी पाइप फुगतात, ते व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे घाला. तांबं-पितळेचे जोड टाळा, तेल त्यांच्या संगतीत लवकर खराब होतं. आणि रस्त्यावर वापरायच्या इंधनावर कर असतो हे विसरू नका. वेल्समध्ये २००२ साली खाद्यतेलावर गाड्या चालवून कर बुडवणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं होतं. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत सूट आहे. सगळीकडे तशी नसते. आपल्याकडचा नियम आधी वाचा, मग डबे वाटा.

मी प्रत्येक डब्याला चिकटपट्टी लावतो. त्यावर हॉटेल, उचलल्याची तारीख, आम्लाचा आकडा. वहीतही तेच. एखाद्या ठिकाणचा आकडा दोनावरून चारावर गेला की मी तेलाला दोष न देता आधी तिथे जाऊन येतो. बहुतेक वेळा काहीतरी बदललेलं असतं. आचारी बदललेला असतो, नव्या तेलाचा डबा दुसऱ्या जातीचा असतो, किंवा गर्दी वाढून फ्रायर दिवसभर चालू राहायला लागलेला असतो. एकदा नुसता थर्मोस्टॅट बिघडला होता आणि तेल गरजेपेक्षा फार तापत होतं. मी सांगितल्यावर त्यांनी तो बदलला. त्यांचं तेलही जास्त टिकायला लागलं आणि माझा आकडाही उतरला.

थंडी जवळ आली की मी ज्या ठिकाणी चरबीचं प्रमाण जास्त असतं तिथले डबे वेगळे काढून ठेवतो. ते गरम दिवसांत वापरायचे. थंडीत फक्त पातळ तेलांचं बायोडिझेल, आणि त्यात निम्मं डिझेल. बाटली रात्रभर बाहेर ठेवतो आणि सकाळी तळाशी पांढरं धुकं धरलेलं दिसलं तर डिझेलचं प्रमाण आणखी वाढवतो.